जाऊबाईचं न्हाणं

जवळ ये पोरी. अजून जवळ. तू तिकडे शहरात, मी इकडे, हे मलेही समजते. तरी सरक जराशी, हे ओरडून सांगायचं नाही. परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आजी, पाळी सुरू झाली की थांबतच नाही आजकाल. पण आता जायचं वय आलं, चालायचंच." अन् लगेच तुरीच्या डाळीचा भाव विचारला. मार खाशील माझ्या हातचा! एवढी शिकलेली, लग्नाच्या पोरीची माय तू, अन् म्हणते चालायचंच!

तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. तांदूळ निवडायला घेते, ताट तसंच ठेवते. चहा ओतते, तो निवून जातो. कारण हा शब्द मी आधी ऐकला आहे. तुझ्या सख्ख्या आजीच्या तोंडून, म्हणजे माझ्या जाऊबाईच्या. तुझ्या बापाला सगळं ठाऊक नाही. तो तेव्हा पाटी घेऊन शाळेत जात होता. म्हणून बसून लिहिते आहे.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचं गाव दिग्रसच्या अलीकडे, बंडी जुंपून सकाळी निघालं की उन्हं चढता चढता बाजारात पोचावं एवढ्या अंतरावर. घरात आत्याबाई, म्हणजे आमची सासू. भासरे, म्हणजे जाऊबाईचा नवरा, तुझा आजोबा. मग मी अन् माझा नवरा, अन् पोरंसोरं. जाऊबाई चाळिशीची, मी विशीतली. मी तिला बाई म्हणायची, ती मला धाकटी.

तुम्हाला आता खरं वाटणार नाही, पण पाळी आली की आम्ही घराच्या बाहेर बसायचो. गोठ्याला लागून एक छपरी होती. तिथंच गोधडी, तिथंच ताट. कोणी शिवायचं नाही, भाकर वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायलं की बाई घरात. खरं सांगू? मला ते दिवस आवडायचे. चूल नाही, दळण नाही, विहीर नाही. मी बैलांशी गप्पा मारत बसायची.

पण जाऊबाईचं त्या साली काही वेगळंच चाललं होतं. ती बाहेर बसायची ती लवकर आत यायचीच नाही. कधी आत यायची अन् आठ-पंधरा दिवसांत परत छपरीत. आत्याबाईनं जास्वंदीच्या कळ्या तुपात तळून खायला घातल्या. शेजारणी म्हणाल्या, उष्णता आहे. कोणी म्हणाल्या, जाता जाता असंच सारं झाडून नेते ते, एकदा गेलं की सुटली. अन् जाऊबाई स्वतः म्हणायची, "चालायचंच वं धाकटे. वय झालं."

दसऱ्यानंतर ती बसली ती उठेचना. अन् नेमका तेव्हाच कापूस फुटला.

आमच्याकडे पहिली वेचणी सीतादही केल्याशिवाय सुरू होत नाही. वावराच्या कोपऱ्यात सात गोटे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, मग ओटी बांधून पहिल्या बोंडाला हात घालायचा. आमच्या घरात तो मान मोठ्या सुनेचा. आत्याबाई विधवा, त्यांच्या हातून होत नव्हतं. मोठी सून छपरीत. वावर पांढरंशुभ्र होऊन उभं, वारं सुटलं की कापूस खाली मातीत. तांड्यावरच्या वेचणाऱ्या बाया रोज ओसरीवर येऊन विचारायच्या, "काकी, सीतादही कधी?" आत्याबाई म्हणायच्या, "मोठी न्हायली की."

मोठी काही न्हात नव्हती. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, "धाकटीच्या हातून उरका न आता. मोठीचं काही खरं नाही." हे छपरीपर्यंत ऐकू गेलं. मी भाकर द्यायला गेले तर जाऊबाई गोधडीत तोंड खुपसून बसलेली.

"घे वं, तूच कर," ती म्हणाली. "हिरवं लुगडं नेस."

"माझं मेलं लुगडं! बाई, मले नाही करायचं. तुम्ही न्हा न. चार दिवस कवाच झाले. बाया न्हातात, मग जरासं राहिलं तर राहिलं."

तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं, हातभर अंतर ठेवून. पोळ्याला तिनं तसंच केलं होतं म्हणे. थांबलं नव्हतं तरी डोक्यावरून न्हायली, पुरण शिजवलं, बैलांना ओवाळलं. अन् पोळा झाल्यावर आमचा तांबडा बैल बसला तो उठलाच नाही. "माह्या हातानं गेला तो," ती म्हणाली. "आता पुरतं थांबल्याबिगर मी डोक्यावर पाणी घेत नाही. वावर जळलं तं?"

तो बैल फुगून गेला होता, ओलं गवत खाऊन. साऱ्या गावानं पाहिलं होतं. पण तिच्या मनातून ते निघेना. कोणाला सांगू नको, म्हणून मला पोरांची शपथ घातली.

मग मला घरात चैन पडेना. पोळी टाकली की छपरीकडे पाहायचं, पाणी भरून आलं की छपरीकडे पाहायचं. तिची धुतलेली फडकी गोठ्यामागे काट्यांवर वाळत असायची, कोणाला दिसू नये म्हणून. त्यांनी अख्खं कुंपण भरलं होतं. आमच्या घरात माणसं तेवढीच, अन् कुंपणावर फडकी एवढी! मी कापूस पाहिला की मला ती फडकी दिसायची, फडकी पाहिली की कापूस. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बायकांचं बायकांनी पाहावं." आत्याबाईला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी सात बाळंतपणं केली, मले नको शिकवू."

एका दुपारी मी ताट घेऊन गेले. भाकर वरून टाकली तर तिच्या हातातून खाली पडली. हाताकडे पाहिलं तर नखं पांढरी, ओठ पांढरे, तळवा मेणासारखा. "धाकटे, अंधार काहून पडून राह्यला वं?" असं तिनंच मला विचारलं, भर उन्हात. अन् उठायला गेली ती गव्हाणीवर कोसळली.

पोरी, मी क्षणभर थांबले. खोटं कशाला सांगू. शिवलं तर मीही बाहेर, मग घरात रांधणार कोण, आत्याबाईला तर चुलीतला जाळ दिसत नव्हता नीट. हा हिशेब डोक्यात आला तोवर हात पुढं गेले होते. तिचं डोकं मांडीवर घेतलं. एवढी उंचीपुरी बाई, अन् वजन कसं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखं.

आत्याबाई काठी टेकत आल्या. "शिवली का तू?"

"शिवली. दवाखान्यात नेऊ यांना. यवतमाळले."

भासरे वावरातून धावत आले होते. ते घाबरले होते, पण म्हणाले, "अशीच? न्हायल्याबिगर? मोटरीत देवाधर्माची माणसं बसतात. न्हाणं होऊ दे, उद्याच नेतो." जाऊबाईनंही डोळे न उघडता तेच म्हटलं, "न्हायल्यावर जातो मी. न्हायल्यावर."

मग माझं तोंड सुटलं. सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसासमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. "थांबल्याबिगर न्हायचं नाही. न्हायल्याबिगर दवाखाना नाही. अन् दवाखान्याबिगर थांबत नाही! मंग काय करायचं, सांगा न! येथंच गोठ्यात जाऊ द्यायचं का यांना?"

आत्याबाई वळल्या अन् निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. न्हाणीतून भांड्यांचा आवाज आला. परत आल्या त्या पाण्यानं भरलेलं पातेलं, आमचा मोठा गंज, घेऊन, दोन्ही हातांनी, काठी सोडून, धडपडत. चुलीवरचं कोमट पाणी होतं, माझ्या भांड्यांसाठी ठेवलेलं. त्या जाऊबाईच्या उशाशी बसल्या अन् डोक्यावरून पाणी ओतू लागल्या.

जाऊबाई कण्हली, "आत्या, अजून थांबलं नाही वो..."

"चूप. न्हायली तू. मी सांगतो न, न्हायली." अन् ओल्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. ज्या बाईनं आमची सावली पडली तरी लुगडं बदललं होतं, ती तिच्या लाल झालेल्या गोधडीवर बसली होती. मग भासऱ्यांकडे वळल्या. "पाहत काय राह्यला? जुंप बंडी!"

बंडीत कडबा, कडब्यावर गोधड्या. दिग्रसहून यवतमाळची मोटर. मी सारखी तिच्या नाकाशी बोट धरत होते, श्वास लागतो का पाहायला. एकदा तिनं डोळा उघडून म्हटलंही, "बोट काढ वं, शिंक येते." मी हसले अन् रडलेही.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, चष्म्यावाल्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी जाऊबाईची पापणी खाली ओढली अन् नर्सला हाक मारली. मग विचारू लागल्या. किती दिवस जातं? मधेच येतं का? फडकं किती वेळात भिजतं? गुठळ्या पडतात का, केवढ्या? जाऊबाईनं पदर तोंडावर ओढला. भासरे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मीच सांगितलं. "बोराएवढ्या. कधी लिंबाएवढ्या."

"हे आधी कोणाला सांगितलं नाही?"

"वय झालं म्हणे, चालायचंच."

"वय झालं की कमी कमी होत जातं बाई. असा लोंढा येत नाही. हे दुखणं आहे, दुखणं." तपासून म्हणाल्या, पिशवीत गाठी आहेत, त्यांच्यापायी हे सारं चाललं आहे. आधी रक्त द्यावं लागेल, मग पिशवी काढावी लागेल.

रक्त द्यायला भासरे पुढे झाले, पण जुळलं नाही. बाहेर बाकावर बसून म्हणत राहिले, "इतकी वर्षं जुळलं, अन् आताच कसं जुळत नाही." जाऊबाईचा भाऊ घाटंजीकडून आला, त्याचं जुळलं. थोडी शुद्ध आल्यावर जाऊबाईनं डॉक्टरीणबाईला एकच विचारलं, "पिशवी गेल्यावर बाई सवाष्ण राहते का?" बाई भासऱ्यांकडे बोट करून म्हणाल्या, "हा माणूस उभा आहे न? मग सवाष्णच." जाऊबाईनं डोळे मिटले. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उमटवून दिला.

घरी आणलं तोवर पहिली वेचणी उरकून गेली होती, सीतादही न करताच. आत्याबाईनंच म्हटलं होतं, वेचा. अन् शेजारच्या म्हातारीला म्हटलं होतं, मान मोठीचाच, देवी थांबेल. दुसऱ्या वेचणीला आम्ही जाऊबाईला बंडीतून वावरात नेलं. सात गोटे मी मांडले, दहीभात तिनं ठेवला. तांड्यावरच्या बायांनी तिला पाहून पदरानं डोळे पुसले.

छपरी काही लगेच मोडली नाही. आम्ही पुढंही बरीच वर्षं तिथं बसलो. पण आत्याबाई एक नवीन शिकल्या. काठी टेकत छपरीच्या तोंडाशी यायच्या अन् साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा विचारायच्या, "धाकटे, किती गेलं? गुठळी पडली का?" मी लाजेनं मरायची. भासरे बैलाची दोरी सोडून पळायचे.

तुझी आजी त्यानंतर इतकी जगली की तिनं तुला मांडीवर घेऊन तुझी टाळू भरली. ते आठवलं म्हणून तुला विचारते, तशीच, गल्लीला ऐकू जाईल अशी. किती दिवस जातं? मधेच येतं का? गुठळी पडते का, केवढी? दम लागतो का जिना चढताना? मले नको सांगू, डॉक्टरीणबाईले सांग. पदर ओढू नको, साडी नेसतच नाहीस म्हणा तू. प्रत्येकीला गाठीच असतात असं नाही, औषधानंही बरं होतं कितीकींचं. पण ते त्यांनी ठरवायचं, तू अन् तुझ्या वयानं नाही.

उद्याच जा. अन् तिथून निघालीस की सरळ गाडी पकडून इकडं ये. कापूस फुटायला आला आहे. तुले पाहिल्याशिवाय माझा चहा काही गरम राहत नाही. लवकर ये माय, वाट पाहून राह्यली मी.