ओंडके पारखणारा आंबो उपे

ओंडक्यावर हातोडी ठोकली की आंबो उपेला त्याच्या आतलं कळायचं. भरीव लाकडाचा आवाज बसका, पोकळाचा ढोलासारखा. इंडोनेशियातल्या तराकान बेटाच्या खाडीत त्यानं बारा वर्षं हेच केलं. ठोकायचं, घेर मोजायचा, टोकाला रंगानं प्रत लिहायची, की ओंडका चालला जपानी जहाजात.

पंच्याऐंशी साली जाकार्ताहून हुकूम आला. अख्खा ओंडका देशाबाहेर जाणार नाही, इथंच त्याचं प्लायवूड करा. जहाजं थांबली. आंबो उपे महिनाभर धक्क्यावर नुसता बसून राहिला. त्याची बायको तेन्री मात्र नव्या प्लायवूड कारखान्यात लागली. लाकडाच्या पातळ सालपटांतली भोकं ठिगळं लावून बुजवायचं काम.

"आता बायकोनं आणायचं आणि ह्यानं खायचं," शेजारी हसले. ते त्याला लागलं. बोटीत बसून तो सीमेपलीकडे मलेशियाच्या साबाह राज्यात, तावाउ बंदरात गेला. तिथं साबाहचे ओंडके अजून राजरोस जहाजात चढत होते.

दर ईदला तो घरी यायचा आणि दोघांचा तोच वाद रंगायचा.

"तुमच्याकडे एका ओंडक्यामागं क्रेन आणि चार माणसं, डाएंग," तेन्री म्हणायची. नवऱ्याला ती मानानं डाएंगच म्हणे. "आमच्याकडे आम्ही दोनशे बायका कामाला."

"आणि भाव? कारखानदार म्हणेल तो! निम्मं झाड भुशात घालवता तुम्ही."

"भुसा आमचा आम्ही जाळतो. तुम्ही तर झाडच देऊन टाकता."

 परतीच्या बोटीत मात्र त्याला वाटायचं, भांडतोय कशावर? जंगल दोन्हीकडचं सारखंच पडतंय.

ब्याण्णव साली एका सकाळी तावाउच्या ओंडके तरंगत ठेवायच्या तळ्यात ओंडक्यांचा एक तराफा आला. टोकांवरच्या जुन्या खुणा नुकत्याच तासून काढलेल्या. पण दोरासाठी पाडलेली भोकं तिरकी होती. तशी भोकं त्याच्या गावाकडचीच माणसं पाडतात. ओंडके सीमा ओलांडून चोरून आणले होते.

"साबाह लिही," मुकादम म्हणाला.

"साहेब, हा माल..."

"तुला मोजायला ठेवलंय, विचारायला नाही."

आंबो उपेनं लिहिलं. एकेका ओंडक्यावर, संध्याकाळपर्यंत.

त्या ईदला त्यानं वाद काढलाच नाही. जेवताना हळूच सगळं सांगितलं. तेन्री भात वाढता वाढता थांबली.

"लाकूड नाही म्हणून कारखाना आठवड्यातले तीन दिवस बंद असतो," ती म्हणाली. "कुठं जातंय, कुणाला कळत नव्हतं."

ती ना चिडली, ना रडली. तेच त्याला सोसवेना. परतीची बोट त्यानं सोडून दिली. कारखान्यात ओंडके उतरवून घ्यायचं काम मागितलं, निम्म्या पगारावर.

"डाएंग, तुम्हाला जमेल का इथं?" तिनं विचारलं.

"जमवतो."

पुढच्याच वर्षी साबाहनंही ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आता चोरीचं लाकूड तिकडं खपणार नाही म्हणून बातमी ऐकून कारखान्यात लोक टाळ्या पिटू लागले. आंबो उपे त्या वेळी कारखान्याच्या ओंडक्यांच्या तळ्याकाठी उभा होता. समोरचा ओंडका त्याच्या दोन हातांच्या कवेत सहज मावला. पूर्वी एवढं बारीक झाड त्यानं हातोडीही न लावता बाजूला सारलं असतं. त्यानं घेर लिहिला आणि पुढचा ओंडका जवळ ओढला.