चुकलेल्या वाक्याखाली

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, इथे राहिलीस तेव्हा तुझं कोणी फ्रेंड झालं का?" मी नाही म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही शाळेत गेलात की मी तुमच्या अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत जात असे. तिथे नागपूरकडचे एक गृहस्थ रोज कॉम्प्युटरपुढे बसून, एका बोटाने, इंग्रजी शिकणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात काहीतरी लिहीत. एकदा त्यांनी घरामागे येणाऱ्या हरणांबद्दल लिहिलं होतं. मी न विचारताच वाक्य दुरुस्त करून दिलं. त्यांनी ते तसंच गटात टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते पडद्याकडे बघत बसले होते.

"ताई, कोणीच बोललं नाही बघा. चुकलं की ब्राझीलचा, जपानची, कोणीतरी सुधारायला येतं. मुलगा-सून ऑफिसात. दिवसभरात तेवढंच बोलणं होतं हो माझं."

मी ओशाळले. त्यांचं नाव विचारायचंही राहिलं.

गटाचं नाव मात्र मी वहीत टिपलं होतं. तो गट अजून उघडतो. त्यांच्या चुकलेल्या वाक्यांखाली अनोळखी माणसांची उत्तरं आहेत. हरणांचं वाक्यही आहे, अगदी बिनचूक. त्याखाली काही नाही.