डोक्याला खोडवा नसतो

माझे केस कधी जायला लागले हे मला सांगता येणार नाही, पण लासुर्ण्यातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. आमच्याकडं उसाला हुमणीची कीड लागली की मालकाच्या आधी शेजाऱ्याला कळतं, तसंच हे. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "काय रं, वरनं उजेड पडाय लागला की!" मी त्याच्याशी भांडलो आणि अर्धा चहा टाकून उठलो. घरी येऊन आरशात बघितलं तर त्याचं खरं होतं. मग राग आणखीच आला.

वडील टकले, दोन्ही चुलते टकले. टक्कल ही आमच्या घरातली वडिलोपार्जित मिळकत आहे. सातबाऱ्यावर नाव लागायला वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतात, डोक्यावर मात्र विनाअर्ज लागतं. पण वडिलांचं लग्न होऊन मग केस गेले. माझं लग्न व्हायचं होतं. आणि आमच्या भागात हल्ली उसाला तोड मिळते, शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही.

म्हणून मी टोपी धरली. पांढरी, कडक इस्त्रीची. माझ्या वयाची पोरं टोपी घालत नाहीत, त्यामुळं झालं भलतंच. म्हातारी माणसं माझं कौतुक करायला लागली. अंथुर्ण्याला मुलगी बघायला गेलो तर मुलीच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, मला जवळ बसवून घेतलं. आबा पूर्वी मेंढरं राखायचे, आता ऊस आणि मका करतात. अजूनही रोज सकाळी स्वतःच्या हातानं लाल फेटा बांधल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. ते सगळ्यांना म्हणाले, "आजकालच्या पोरांस्नी डोक्यावर काय घ्यायची लाज वाटती. ह्यो बघा." सगळ्यांनी माझ्या टोपीकडं बघितलं. मी विनयानं मान खाली घातली, पण फार नाही, बेतानं.

मुलगी इंदापूरला भूमी अभिलेख कार्यालयात नोकरीला होती. लोकांच्या जमिनी मोजायची. उन्हातान्हात बांधावर उभी राहून भावाभावांची भांडणं ऐकून घ्यायची आणि शेवटी आपलंच खरं करायची. मला ती बघताक्षणी आवडली. तिच्या घरून होकार आला त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही. साखरपुडा पुढच्या महिन्यात ठरला.

आणि मग फोनवर बोलता बोलता ती सहज म्हणाली, "आमच्यात जावयाला फेटा आबाच बांधत्यात बरं का. साखरपुड्याच्या मांडवात, समद्यांसमोर. माझ्या आत्त्याच्या मालकास्नी बी त्यांनीच बांधला हुता."

फेटा बांधायचा म्हणजे टोपी काढायची. मी फोन ठेवला आणि तडक दाजींकडं गेलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांना प्रत्येक गोष्टीतलं अर्धं माहीत असतं. ते म्हणाले, "पावणं, येवढं काय तोंड पाडून बसलाय? बारामतीत केस लावून मिळत्यात. मागचं काढायचं, म्होरं लावायचं. एका दिवसाचं काम." हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी उसातला माणूस. लागण, म्हणजे उसाची लावणी, एकदा करायची, ऊस तोडून कारखान्याला घालायचा, आणि जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून आपोआप फुटून येतो तो खोडवा. म्हणजे मागचे केस काढले तरी मागं खोडवा येणारच. या वर्षी मागचे काढून पुढं लावू, पुढच्या वर्षी खोडवा आला की तो टाळूवर. बियाणं घरचं, फुकटचं. एवढी सोपी गोष्ट लोकांना कशी सुचत नाही, याचं मला नवल वाटलं. दाजींनाही माझा हिशेब पटला.

बारामतीच्या दवाखान्यात बाहेर बरीच गर्दी होती. आमच्या भागात दवाखान्यात कुणी गप्प बसत नाही. आतून बाहेर आलेला माणूस दहावीचा निकाल लागल्यासारखा सगळ्यांना आपलं सांगतो. एक जाडजूड गृहस्थ बाहेर येऊन म्हणाले, "माझं न्हाय बसलं. साखर लई वाढलीया. जखम भरायची न्हाय म्हणं. आधी साखर ताब्यात आणा, मग बघू." दुसऱ्याच्या कानाच्या पाळीवर सुपारीएवढी गाठ होती. लहानपणी कान टोचला होता, तिथं ती वाढली होती. डॉक्टरांनी ती गाठ बघूनच त्याला माघारी लावलं. ज्याच्या कातडीला टोचलं की अशा गाठी उठतात, त्याच्या डोक्याला शेकडो ठिकाणी टोचायचं कसं? एक तरुण बाई आईला सोबत घेऊन आली होती, त्या बाईला चाई पडत होती. डोक्यावर रुपयाएवढे गुळगुळीत चट्टे. तिला सांगितलं होतं की चाई चालू असताना लावलेले केससुद्धा तीच खाऊन टाकते, त्याला औषधच घ्या. त्या बाईचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मनातून धीरही आला. मला साखर नाही, गाठ नाही, चाई नाही. मी पास होणार.

डॉक्टर साधे होते, बोलायला मोकळे. त्यांनी माझ्या डोक्यावर कसलासा छोटा कॅमेरा फिरवला आणि समोरच्या टीव्हीवर माझी टाळू दिसायला लागली. मग त्यांनी मागची बाजू बघितली. ती बघायला त्यांना फार वेळ लागला.

"भाऊ, तुमचं नाही करता येणार," ते म्हणाले.

"का? मागं तर हायत की!"

"आहेत. पण हे बघा, बारीक होत चाललेत. साधारण माणसाचे मागचे केस शेवटपर्यंत टिकतात, म्हणून ते पुढं लावतात. तुमचे मागचेही जाणार आहेत. पुढं लावले तर तिथंही गळणार."

मी हुकमाचं पान काढलं. "अहो पण डॉक्टर, मागं खोडवा येईल की!"

ते पोट धरून हसले. त्यांचीही नीरेकडं उसाची जमीन निघाली. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "केसाला खोडवा नसतो. आम्ही तोडत नाही, मुळासकट उपटतो. काढलं तिथं परत काही येत नाही. म्हणजे मागची जागा हा तुमचा बेणेमळा, लागणीचं बेणं तिथूनच घ्यायचं. तिथं बेणं मोजकंच असतं. आणि तुमचं बेणंच रोगट आहे. रोगट बेण्याची लागण केली तर काय होतं?"

"प्लॉट मोडावा लागतो," मी म्हणालो.

"झालं तर मग."

मी साखरपुड्याची तारीख सांगून गयावया केली. ते म्हणाले, "ज्याचे केस चांगले आहेत, त्याचेसुद्धा लावल्यावर आधी गळतात आणि दिसण्यासारखे यायला वर्ष जातं. महिन्यात कुणाचंच होत नाही. कुणी करून देतो म्हणालं तर उठून या."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला रडू फुटलं. भर बारामतीत, दिवसाढवळ्या. दाजींनी मला उसाचा रस पाजला, आणि मी ऊस उत्पादक असून तो पहिल्यांदा कडू लागला.

दाजी मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी दुसऱ्या एका शहरात एक जागा शोधून काढली, तिथं म्हणे कुणालाच नाही म्हणत नाहीत. मी एके दिवशी दाजींना न सांगता मोटारसायकलवर एकटाच गेलो. तिथं कॅमेराबिमेरा काही नाही. कोट घातलेल्या एका गृहस्थानं मला खुर्चीत बसवलं, जांभळं पेन काढलं आणि माझ्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत रेघ ओढली. "इथून पुढं जंगल," तो म्हणाला. आरशात बघितलं आणि त्या रेघेच्या मागं केस आहेत असं समजून मी खरंच देखणा दिसलो. खोटं कशाला बोलू, मोह झाला.

पण तोंडातून शब्द गेलाच. "बेणं कुठनं घेणार?"

"म्हणजे?"

"लावायचं केस कुठनं काढणार? माझं मागचं बी गळणार हायत."

"कुठूनही घेऊ हो! तुम्ही आधी मनातून नकारात्मक विचार काढा."

कुठूनही बेणं आणतो म्हणणाऱ्याची लागण मी जन्मात केलेली नाही. खुर्चीतून उठलो, टोपी घातली आणि बाहेर पडलो. मागून तो सवलत सांगत होता. गाडीला किक मारली तेव्हा ऊर भरून आला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी माझ्या डोक्याच्या बाजूनं उभा राहिलो होतो. मग घरी गेलोच नाही. तसाच इंदापूरला गेलो.

ती कार्यालयातून सुटून बसस्टँडवर आली होती. कँटीनमध्ये चहा सांगितला आणि काही बोलायच्या आधी मी टोपी काढून टेबलावर ठेवली. ती माझ्या डोक्याकडं बघायला लागली आणि फिसकन हसली.

"हे काय? हद्द कायम करून आलाय व्हय?"

ती रेघ मी विसरलोच होतो. ओल्या रुमालानं पुसत पुसत तिला सगळं सांगितलं. बारामती, खोडवा, बेणं, जांभळं पेन. खोडव्याला ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मग तिची नजर टेबलावरच्या टोपीवर गेली.

"म्हंजे बघायला आलता तवा टोपी त्याच्यापायी घातली हुती?"

"व्हय."

"आन् आमचं आबा तुमचं गुण गात समद्या गावातनं फिरत्यात."

तिनं चहाचा कप बाजूला सारला.

"हे बघा, मला केसांचं काय न्हाय. पण मी मोजणीला जाती तवा लोक हद्दीचं दगड हलवून ठेवत्यात, बांधावर उसाचं पाचट पसरून झाकत्यात. रोज तेच निस्तरती मी. घरात बी तसलाच माणूस नको मला." मग म्हणाली, "साखरपुड्याला आबा फेटा घिऊन उठायच्या आधी टोपी तुमी सोता काढायची. समद्यांदेखत. आबांनी हात लावला आन् मग कळलं, तर त्यांचा अपमान हुईल. तसं झालं तर मी मांडवातनं उठून जाईन. आत्ताच सांगा, जमंल का न्हाय?"

"जमंल," मी म्हणालो. आवाज जरा बारीक निघाला, पण निघाला.

साखरपुड्याच्या दिवशी आमच्या घरच्यांनी गुपचूप बंदोबस्त केलेला होता. आईनं विहिणीला सांगितलं होतं की पोराला सर्दी झालीय, फेटा आतल्या खोलीत आमचा आम्हीच बांधू. दाजींनी तर खोलीच्या दाराशी उभं राहायचीसुद्धा जबाबदारी घेतली होती. मला आत न्यायला ते आले, दंडाला धरून ओढायला लागले. "चल की, येड्या! इज्जत जाईल." मी दंड सोडवून घेतला आणि मांडवात सरळ पाटावर जाऊन बसलो.

समोर दोन्ही गावं बसली होती. तिकडं यातलं काहीच माहीत नसलेले आबा नवा फेटा मांडीवर घेऊन त्याच्या घड्या सरळ करत होते. शेजारच्या पाटावर ती. माझ्याकडं बघत नव्हती. तिचा हात पाटाच्या कडेवर होता, आणि मला कळत होतं की ती उठायच्या तयारीनं बसलीय.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. मी दोन्ही हातांनी टोपी उचलली आणि मांडीवर ठेवली.

बायकांच्या बाजूनं कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. माझी आई पदरात तोंड लपवून बसली. आणि मला काय वाटलं सांगू? गार वाटलं. पंख्याचा वारा थेट टाळूला लागत होता. मांडवातल्या प्रत्येकाच्या नजरेला मी नजर दिली आणि एकेकाची खाली गेली.

"आबा," मी म्हणालो, "असं हाय बघा. केस न्हाईत. यायचं बी न्हाईत. बांधायचा तर ह्याच्यावर बांधा."

आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वाकून माझं डोकं बघितलं. मग त्यांनी आपला खरखरीत तळवा माझ्या टाळूवर ठेवला, चांगला दाबून, आणि एकदा मागून पुढं फिरवला.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "केसांवरनं फेटा घसारतो. ह्यो जाग्यावरनं हालायचा न्हाय."

आधी हसला तो आमचा चुलता, मग सगळा मांडव. आईनं तोंडावरचा पदर काढला. शेजारच्या पाटाच्या कडेवरचा हात उचलला गेला आणि तिच्या मांडीवर गेला. ती बसली होती. ती उठली नव्हती.

तेवढ्यात फोटोग्राफर पुढं आला. फेट्याआधी दोघांचा एक फोटो घ्यायचा होता. त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, तेवढी टोपी घाला जरा. डोक्यावर लाईट लई चमकतोय."

मी काही बोलायच्या आत ती बोलली, आणि हळू नाही, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

"चमकू दे की!"