ढग निघाल्याचं पत्र

कवठे महांकाळच्या स्टँडवर एसटी सुटायला आली, तरी आई दारापासून हटेना. रत्नागिरीच्या बर्फाच्या कारखान्यात मला काम लागलं होतं. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन दिवस काढले. पण राखेत ठेवलेल्या बियाण्याच्या बाजरीला आईने कुणाला हात लावू दिला नव्हता. ती म्हणाली, "समिंदराच्या दारात चाललायस. ढग निगालं की आमास्नी कळीव."

समुद्र पाहून मी खुळाच झालो. आमच्याकडे एका घागरीसाठी मैलभर पायपीट, आणि इथे एवढं पाणी, पण तोंडात धरवत नाही! कारखान्यातला म्हातारा फिटर म्हणाला, "अरे, तुमच्या विहिरींचं पाणीसुद्धा इथूनच वर जातं." ते मला पटलं. जरा जास्तच पटलं.

जूनमध्ये काळे ढग घाटाकडे निघाले. मी फुशारकीने कार्ड टाकलं : 'पाऊस निघालाय. धूळपेरणी उरकून घ्या.' म्हणजे पाऊस यायच्या आधी, कोरड्या मातीतच बी टाकायचं. वडिलांनी टाकलं.

आठवड्याने सांगलीला मासळी पोचवून आमचा ट्रक ड्रायव्हर परतला. "घाटात लय झोडपतोय गड्या," तो म्हणाला, "पर तुमच्याकडं नुसता वारा."

डोंगर सगळं पाणी अलीकडेच काढून घेतो, हे कोरड्या मुलखात वाढलेला मी विसरलोच कसा? वरून रोज ढग जात होते आणि मी त्यांना शिव्या घालत होतो. बी गेलं, तर घरी वर्षभर काय शिजणार? अन्न गोड लागेना.

मग वडिलांचं पत्र आलं, बोलत तसंच लिहिलेलं : 'पेरल्यालं मुंग्यांनी न्हेलं. पर तुज्या आईनं निम्मी बाजरी मला दावलीच न्हवती. परवा पाऊस झाला, आज ती पेरली. ती म्हणती, पोरानं ढग बघितलं, डोंगर इसरला. तू मनाला लावून घिऊ नगंस.'

कारखान्यामागे जाऊन मी पोटभर रडलो.

आता माझी लेक कोकणी हेल काढून बोलते, मला ताटात मासा लागतो. तरी जूनमध्ये मी समुद्राकडे पाठ करून घाटाकडे बघत उभा राहतो. आमचं गाव त्या डोंगरापलीकडे आहे. पत्रात ढग निघाल्याचं मी पुन्हा कधी लिहिलं नाही. फक्त विचारतो, "पाणी पोचलं का?"