विणकराची गाठ

माझे बाबा मोहाडीत हातमागावर साड्या विणायचे आणि घरातलं विजेचं कामही स्वतःच करायचे. मागावर धागा तुटला की जशी गाठ मारायची, तशीच ते वायरलाही मारत. मी आयटीआयला वायरमनचं काम शिकले तेव्हा या गाठींवरून आमची चांगलीच जुंपायची. गाठीत तारा एकमेकींना नीट भिडत नाहीत, जोड तापतो, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. ते हसायचे. "हत्तीनं ओढली तरी सुटत नाही, पोरी."

मागच्या वर्षी ते गेले. त्यानंतर आईच्या खोलीत कूलर लावला की बल्ब मंद व्हायचा, थरथरायचा, पुन्हा उजळायचा. आई हातातलं काम थांबवून वर बघायची. "तुये बाबा आले," म्हणायची, आणि त्यांच्याशी बोलत बसायची. आज भाजी काय केली, शेजारी कोण आजारी आहे. मी भंडाऱ्याहून, सासरहून आले की हे बघून माझ्या अंगावर काटा यायचा. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी एकदा बल्ब मंद झाला तेव्हा मी नकळत ओढणी सावरली.

मग मी माहेरी असताना एका दुपारी बोर्डातून जळका वास आला. आईचं अंथरूण त्याच भिंतीला. मी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्ड उघडला.

"काहून खोलून राहिली? चालून तं राहिलं," आई म्हणाली.

"झोपेत जळून मरशील, आई."

बाबांची गाठ काळी पडली होती, वरची टेप वितळली होती. पण सुटली नव्हती. ती मी पक्कडीनं कापली. जळका भाग काढून टाकला, तारांची टोकं नव्यानं सोलली, कनेक्टरमध्ये घालून स्क्रू आवळले, एकेक तार ओढून पाहिली.

संध्याकाळी कूलर लावला. बल्ब मंद झाला नाही. आई बराच वेळ वर बघत राहिली.

"आता थे कसे येतीन?" तिनं विचारलं.

बाबा गेले तेव्हा आई रडली नव्हती, ती त्या संध्याकाळी रडली. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, मीही गेले नव्हते. पण हातात पक्कड घेऊन त्या खोलीत उभी असताना वाटलं, बाबांना घराबाहेर मीच काढलं.