हरणाबाईच्या पोटातले रंग

बिराप्पाचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पाऊस सरला की जतचा माळ सोडायचा, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि उंब्रजकडं कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायची. संगती बायको हरणाबाई.

यंदा लालासाहेबांच्या रानात कळप बसला आणि हरणाबाईचं जेवण तुटलं. पाठीतनं कळ निघायची. मग डोळे पिवळे झाले. लालासाहेबांनी दोघांना आपल्या गाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात पोचवलं.

पोटाचा स्कॅन झाला. डॉक्टर संयोगिता मॅडमनी बिराप्पाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर हरणाबाईचं पोट होतं. यकृत तांबडं, मूत्रपिंडं हिरवी, पाणथरी जांभळी.

"मामा, हे रंग आम्ही नाही भरले. कॉम्प्युटर स्वतःच एकेक अवयव ओळखतो."

बिराप्पानं मान खाली घातली. बायकोला असं उघडं बघताना त्याला कसंसंच झालं.

मॅडमनी पिवळ्या भागावर बोट ठेवलं. "हे स्वादुपिंड. यात गाठ आहे. तिची कड कॉम्प्युटरलाही सापडली नाही, मलाही नाही. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय. कापता येणार नाही."

"येवढं समदं वळखतंय, मग तेवढं काढाया का येत न्हाई?"

"नाही येत, मामा. कावीळ उतरायला नळी घालू, कळ कमी करू. त्यापुढं माझ्याही हातात काही नाही."

वॉर्डातल्या खाटेवरनं हरणाबाईनं विचारलं, "आवं, फोटूत काय दिसलं?"

"समदं जागच्या जागी हाय," बिराप्पा म्हणाला. अथणीकडं दिलेल्या मंगलला, त्यांच्या लेकीला, त्यानं फोनवर नुसती कावीळ सांगितली.

नळी घातल्यावर डोळे पांढरे झाले. हरणाबाईला वाटलं, बरी झाले. रानात परतल्यावर तिनं दोन-चार दिवस भाकरीही थापल्या. मग पुन्हा अंथरूण धरलं. गोळ्यांनी कळ दबेना. बिराप्पा पोटावर हात ठेवायचा, तर ती तो बाजूला सारायची.

एका सकाळी ती म्हणाली, "आता तरी खरं सांगा."

त्यानं सांगितलं. तिनं पालाच्या कापडाकडं तोंड फिरवलं.

"तवाच सांगायचं हुतं. मंगलला बोलवून घेतलं असतं. लय बोलायचं हुतं तिच्यासंगं."

त्यानं तिथूनच फोन लावला. त्या रात्रीच हरणाबाईला भ्रम झाला. मंगल दुसऱ्या दिवशी यष्टीनं आली, आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन "आये, आये" करत राहिली. हरणाबाईचे डोळे उघडे होते, पण लेकीची ओळख त्यांत उरली नव्हती.

"कुणाची गं तू?" तिनं विचारलं.

मंगलनं बापाकडं बघितलं. बिराप्पा पालाबाहेर जाऊन उभा राहिला.

सांज व्हायच्या आत हरणाबाई गेली.