एक्केचाळीस नंबरचं ब्लँकेट

लॉन्ड्रीत तिला लहानथोर सगळे मावशी म्हणत. डाग काढायचं काम तिचं. शाई, गंज, तेल, रक्त, काहीही असो. कपडा आधी नाकाशी धरायचा, मग बोटाने चाचपायचा आणि मग समोरच्या बाटल्यांपैकी नेमकी एक उचलायची. कोणाच्या कॉलरवर कोणाची लिपस्टिक आहे हे तिला सगळ्यांत आधी कळे, पण तोंडातून अवाक्षर निघत नसे. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक कपडा जळला नाही. तरीही दर कपड्याला तिला वाटे, आज नक्की जळणार. काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एखाद्या दिवशी काळजीला कारण सापडलं नाही, तर ते का सापडत नाही याची ती काळजी करी.

दुकानाचे नियम दोन. गिऱ्हाइकाच्या नंबराची कापडी पट्टी टाचल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जायचा नाही. आणि डाग काढला की काय काढलं त्याची चिठ्ठी कपड्याला लावायची, म्हणजे गिऱ्हाईक नंतर कटकट करत नाही. पट्ट्या मावशीच टाची, चिठ्ठ्याही तीच लिही. झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी हे तिने चोख केलं असतं.

ती राहायची दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, भाड्याने. सोळा वर्षं झाली होती. नवरा तीन वर्षांपूर्वी ह्याच घरात गेला. मुलगी लग्न होऊन लांब, रविवारी फोनवर भेटायची. इमारत पहिल्या मजल्यावरच्या मालकीणबाईंची, आणि त्यांची झोपायची खोली बरोबर मावशीच्या खोलीखाली. करारात नववं कलम होतं: घरात कोणताही प्राणी पाळता येणार नाही. सही करताना नवरा हसला होता. म्हणाला होता, इथे माणसं पोसताना नाकी नऊ येतायत, वाघ कोण आणतंय?

वाघ कोणी आणला नाही. पण बटण होती.

बटण ही नकाशेवाल्या साहेबांची कुत्री. साहेब म्हणजे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. आयुष्यभर नकाशे काढले, निवृत्त झाले तरी बाह्यांना शाई लावून घ्यायची खोड गेली नाही. दर मंगळवारी ते दोन शर्ट घेऊन येत आणि मागोमाग ही तपकिरी, वीतभर उंचीची, एक कान पडलेली बाई येई. नाक काळं, गोल, म्हणून नाव बटण. साहेब शाईची कर्मकहाणी सांगेपर्यंत ती काउंटरखालून आत शिरे, मावशीच्या चपलेवर हनुवटी टेकवी आणि डोळे मिटून घेई. तेवढी पाच मिनिटं मावशी पाय हलवत नसे. मुंग्या आल्या तरी नाही. चार वर्षं तिचा आठवडा मंगळवारपासून मोजला जात होता, पण हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड नाही.

एका मंगळवारी साहेब म्हणाले, "मावशी, मी मुलाकडे चाललो कायमचा. सूनबाईला दमा आहे. हिला नेता येत नाही." मग काउंटरवरच्या शर्टाची घडी उगाच सारखी केली. "तुम्ही ठेवाल का? नाहीतर मग सरकारी कोंडवाड्यात द्यावी लागेल. तिथे महिनाभर ठेवतात म्हणे."

महिन्यानंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

"घर भाड्याचं आहे हो," एवढंच ती म्हणाली.

"विचारून तर बघा."

विचारून बघा! सांगणाऱ्याचं काय जातं? मावशी त्या आठवड्यात तीनदा मालकीणबाईंच्या दारात गेली. पहिल्यांदा घंटा वाजवली आणि जिन्यातला दिवा गेलाय असं सांगून आली. दुसऱ्यांदा टाकीच्या पाण्याची चौकशी केली. तिसऱ्यांदा घसा खाकरून सुरुवात केली, "काकू, एक विचारायचं होतं," आणि मालकीणबाई चष्मा काढून "बोल ना गं" म्हणाल्या, तेव्हा तिने त्यांच्या चष्म्याचं दुकान कुठलं ते विचारलं. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या पोरींना मांजर हवं होतं, त्यांना दोन वर्षं नकार मिळत होता. नाही म्हटल्यावर पुढचा रस्ताच बंद, म्हणून ती विचारतच नव्हती.

दुकानातला प्रेसवाला वाफेच्या इस्त्रीमागून हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "मावशी, विचारलंत तर नाही म्हणतील. नाही विचारलंत तर निदान काही दिवस तरी हो आहे."

असल्या शहाणपणानेच माणसं बुडतात. पण शुक्रवारी साहेबांची गाडी निघणार होती. गुरुवारी संध्याकाळी मावशीने ओव्हरकोटाची चेनवाली मोठी पिशवी उचलली, त्यात बटणला बसवलं, आणि चोरासारखी स्वतःच्याच घराचे जिने चढली. हातात बटणचं जुनं ब्लँकेट, एक कोपरा चावून फस्त केलेलं. सोय होईपर्यंत चार दिवस, असं तिने मनाला बजावलं. मनाने मान डोलावली, दोघांनाही खोटं ठाऊक होतं.

पुढचे अकरा दिवस तिचा जीव टांगणीला लागला. जिन्यावर पाऊल वाजलं की ती बटणला उचलून आतल्या खोलीत पळे. मालकीणबाई खोकल्या की त्या आपल्याला काही सुचवतायत असं वाटे. बटण भुंकत नसे, फारच गुणी, पण तिची नखं फरशीवर टकटक वाजत. मावशीने नखं कापली, मग जुन्या चादरी अंथरल्या, मग चादरींखाली नवऱ्याचे स्वेटर घातले. पहाटे साडेपाचला पिशवीतून खाली न्यायचं, कोपऱ्यावरच्या मैदानात सोडायचं, उजाडायच्या आत परत. दुपारच्या सुट्टीत धावत घरी. दुकानात कपडा चोळताना कान घराकडे. आणि ह्या सगळ्यात, लाज वाटण्याइतकी, ती सुखात होती. घरी गेल्यावर दार उघडायच्या आधीच पलीकडे कोणीतरी श्वास घेतंय हे ऐकू येई, आणि किल्ली फिरवताना तिला हसू फुटे. तीन वर्षं त्या दारामागे काही नव्हतं.

सातव्या दिवशी मालकीणबाई जिन्यात भेटल्या. "अगं, हल्ली तुझ्याकडे फार चालणं होतं. सारखं इकडून तिकडे."

"डॉक्टरांनी सांगितलंय," मावशीच्या तोंडून निघालं. "गुडघ्यासाठी. घरातल्या घरात चालायचं."

संध्याकाळी मालकीणबाई तेलाची बाटली घेऊन दारात हजर. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याला गुण आलेलं तेल. मावशीने दार चार बोटं उघडून ती घेतली, मागे बटणचं तोंड एका हाताने ओढणीत धरून. दार लावल्यावर बराच वेळ ती तशीच जमिनीवर बसून राहिली. शिव्या देणारी मालकीण असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बाराव्या दिवशी घोटाळा झाला. पहाटे पिशवीत घालायच्या आधीच बटणने ब्लँकेटवर लघवी केली. एवढं जाड ब्लँकेट घरी धुवायची सोय नव्हती. गॅलरीत वाळत घातलं तर खाली मालकीणबाईंची गॅलरी, वर नजर टाकली की केसाळ ब्लँकेट. म्हणून मावशीने ते दुकानात नेलं. दुकानमालकाला विचारून, दुपारच्या सुट्टीत, रिकाम्या मशीनमध्ये टाकायचं ठरलं.

पण पट्टीशिवाय कपडा मशीनमध्ये जात नाही. मावशीचे स्वतःचे कपडे घरी धुतले जात, तिला नंबर नव्हता. मनात विचार एवढाच, की हे घरी न्यायचंय. आणि घराचा नंबर तिच्या हाताला एकच माहीत होता. मालकीणबाईंच्या चादरी महिन्यातून दोनदा येत आणि सोळा वर्षं तिने त्यांना एक्केचाळीस नंबरची पट्टी टाचली होती. हाताने एक्केचाळीस टाचली. धुऊन आल्यावर चिठ्ठीही लावली, ठेवणीतल्या अक्षरात: कुत्र्याचे केस काढले. लघवीचा डाग गेला. वास राहिलेला नाही.

तेवढ्यात कोणाचा तरी शाई सांडलेला पांढरा कोट आला, लगेच हवा म्हणून आरडाओरडा, आणि मावशी त्यात गुंतली. चार वाजता मान वर केली तर शेल्फ रिकामं.

"इथलं ब्लँकेट?"

"एक्केचाळीस ना? इस्त्री करून गठ्ठ्यात बांधलं," प्रेसवाला म्हणाला. "घरपोच कपड्यांचा टेम्पो जाऊन तास झाला." मग तिचा चेहरा बघून त्याने इस्त्री उभी केली. "काय झालं मावशी?"

मावशी अॅप्रनसकट बाहेर पडली. रस्ता रोजचाच, वीस मिनिटांचा, पण कुठे वळायचं ते तिला दोनदा आठवेना. वर बटण एकटी होती. मालकीणबाईंकडे दुसरी किल्ली होती. एवढ्यात कोंडवाड्याची गाडी येत नसते हे तिला कळत होतं, तरी प्रत्येक वळणावर ती गाडीच शोधत होती.

पहिल्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. टेबलावर तपकिरी कागद सोडलेला, चादरींची चळत, आणि सगळ्यांत वर ते ब्लँकेट, कडक घडीत, चावलेला कोपरा नीट दुमडलेला. चिठ्ठी बाजूला.

"ये. बैस. आधी पाणी पी," मालकीणबाई म्हणाल्या. ती बसली नाही.

"माझ्याकडे कुत्रं नाही, हे तुला ठाऊक आहे," त्या हळू म्हणाल्या. "मग हे माझ्याकडे कसं आलं?"

मावशीने अॅप्रनला हात पुसले.

मालकीणबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं. "दुकानात रोज शेकड्याने कपडे येतात. चौदा नंबरच्या जागी एक्केचाळीस लागतो कधी. होतं असं. हो ना?" त्या तिच्याकडे न बघता बोलत होत्या. "तू हो म्हण, मी हे बांधून तुझ्या हातात देते. आणि वर जे काय चालतंय, ते दोन दिवसांत चालायचं थांबू दे. मी काही ऐकलं नाही, तू काही केलं नाहीस."

सुंठीवाचून खोकला जात होता. नुसती मान हलवायची होती. आणि खरं सांगायचं तर मावशीला ती हलवावीशी वाटली, फार वाटली. वर नवऱ्याची खुर्ची होती, तो शेवटपर्यंत बसायचा ती खिडकी होती. ह्या वयात, ह्या भाड्यात, दुकानाजवळ दुसरं घर मिळणार नव्हतं. चौदा नंबरचंच आहे, काकू. एवढे चार शब्द. ते तिने मनात म्हणून पाहिले, आणि मग वर दाराशी ऐकत बसलेली बटण डोळ्यांसमोर आली, फरशीवर, ब्लँकेटशिवाय.

"माझं आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "माझं आहे, काकू. कुत्रीपण माझीच आहे."

"अगं वेडे, मी तुला वाट काढून देत होते."

"कळलं मला."

मालकीणबाई खुर्चीत बसल्या. त्यांना राग आलेला नव्हता, त्या दुखावल्या होत्या, आणि मावशीला ते जास्त लागलं. "खालच्या पोरींना मांजर नको म्हणून दोन वर्षं रडवलं मी. आता त्यांना काय तोंड दाखवू? तुला मुभा दिली तर सगळ्यांनाच द्यावी लागेल."

"नका देऊ."

"मग महिनाअखेर घर सोड." हे म्हणताना त्यांनी ब्लँकेट उचलून तिच्या हातात दिलं. "आणि तुझा गुडघा?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही."

"आणि तेल?"

"उघडलंसुद्धा नाही. आणून देते," मावशी म्हणाली, आणि तिथे मात्र तिला रडू आलं.

महिनाअखेरीला एकोणीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने दुकानाच्या मागच्या बाजूला उभं राहून एका एजंटला फोन लावला. भीती जराही कमी झालेली नव्हती. उलट आता तिला तारीख मिळाली होती. एजंटने खोल्या किती, मजला कितवा, सगळं विचारलं. मग म्हणाला, "राहणार किती जण?"

नवरा गेल्यापासून हा प्रश्न आला की ती "एकटीच" म्हणे आणि पुढचं घाईघाईने बोले.

"दोघी," ती म्हणाली.

"दुसरी कोण? मुलगी का?"

"कुत्री आहे. लहान आहे. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मी दुसरीकडे फोन लावते."

"अवघड आहे हो, मावशी. लांब जावं लागेल. बस बदलून."

"किती लांब ते सांगा," ती म्हणाली आणि अॅप्रनच्या खिशातलं पेन काढलं. पत्ता तिने दोनदा विचारून घेतला.